आकाशातील चाल : शिवारावरचे शिकारी पक्षी कसे ओळखावेत

शिवारावर पंख पसरून एखादा मोठा पक्षी फिरताना दिसला की आपण त्याला ‘घार’ म्हणतो आणि पुढे चालू लागतो. पक्षी जरा अधिक मोठा असला तर ‘गिधाड असेल’ असे म्हणतो; आणि सोबतीला लहान मूल असले तर ‘तो बघ गरुड’ म्हणून वेळ निभावून नेतो. या तीन नावांवर आपला सगळा कारभार चाललेला असतो. वस्तुतः आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला आपण औरंगाबाद म्हणत होतो त्या गावाच्या, भोवतालच्या शेतांवर, माळांवर आणि डोंगरकड्यांवर वर्षभरात डझनाहून अधिक जातींचे शिकारी पक्षी येऊन जातात किंवा कायम वस्ती करून असतात. त्यांतला प्रत्येक जण वेगळे काम करतो, वेगळ्या रीतीने उडतो, आणि त्याचे सुखदुःखही वेगळे असते.

या पक्ष्यांना नावानिशी ओळखणे म्हणजे दुर्बिणी गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या चार हौशी माणसांचा खेळ, असा एक समज आहे. हौस तर त्यात आहेच. पण ती केवळ हौस नव्हे, हे या लेखाच्या उत्तरार्धात आम्ही सांगणार आहोत. आधी ओळखावे कसे ते पाहू. नवशिक्याची सर्वांत मोठी अडचण त्याच्या डोळ्यांत नसून त्याच्या पद्धतीत असते. तो रंग पाहावयास जातो आणि फसतो.

रंग का फसवितो हे समजून घेणे कठीण नाही. पक्षी आपल्या डोक्यावर असतो आणि त्याच्यामागे उजळ आकाश असते. अशा वेळी पांढऱ्या पोटाचा पक्षीही सावलीसारखा काळाच दिसतो. दुसरे असे की या पक्ष्यांत पिल्लांचा पोशाख निराळा आणि प्रौढांचा निराळा. काही जातींत नर आणि मादी यांच्या रंगांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे वाटावे इतका फरक. त्यात पिसे झडण्याचा काळ आला म्हणजे पंखांना खिंडारे पडतात आणि पुस्तकातले चित्र व आकाशातला पक्षी यांचा मेळ बसेनासा होतो. आकारमानाचीही तीच गत. उंचावरच्या पक्ष्याचे अंतर आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे तो मोठा की लहान हे ठरविणे फार जोखमीचे. जवळ एखादा कावळा किंवा पारवा उडत असला तरच तुलना करावी. नसला तर ‘केवढा’ या प्रश्नाच्या वाटेस जाऊ नये, हे उत्तम.

मग ओळखावे कशावरून? खेड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. दिवेलागणीला शेतातून परतणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, अंगावरचे कपडे दिसत नाहीत. तरी ओट्यावर बसलेली म्हातारी लांबूनच सांगते की हा आपला थोरला येतो आहे आणि मागचा तो शेजारचा आहे. ती चालीवरून ओळखते. शिकारी पक्ष्यांचेही असेच आहे. त्यांची चाल, म्हणजे पंख मारण्याची, तरंगण्याची, वळण्याची आणि थांबण्याची तऱ्हा, दूरवरून दिसते, उन्हात दिसते, ढगाळ दिवशीही दिसते. चाल सहसा बदलत नाही, कारण ती पंखांच्या घडणीतून आलेली असते, आणि पंखांची घडण त्या पक्ष्याच्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलेली असते. सुताराची पटाशी आणि शेतकऱ्याचे विळे पाहून आपण धंदा ओळखतो. तसाच पंख पाहून पक्ष्याचा धंदा ओळखता येतो.

पंखांचे ढोबळमानाने चार प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे. पहिला प्रकार रुंद पंखांचा, ज्यांची टोके हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतात. हे तरंगणाऱ्यांचे पंख. घार, गरुड आणि गिधाड यांत येतात. दुसरा आखूड व गोलसर पंखांचा आणि लांब शेपटीचा. झाडाझुडपांतून चपळाईने वळणाऱ्यांचा. शिक्रा हा त्यांतला. तिसरा लांब, निमुळत्या, टोकदार पंखांचा. वेगाने झेप घेणाऱ्या ससाण्यांचा. आणि चौथा लांब, सडपातळ पंखांचा, जे तरंगताना वर उचललेले राहतात. जमिनीलगत संथपणे फिरणाऱ्या भोवत्यांचा. हे चार साचे मनात पक्के बसले म्हणजे आकाशात दिसलेला पक्षी निदान कोणत्या घराण्यातला एवढे तरी चटकन सांगता येते. नाव नंतर सापडते.

पहिल्या घराण्यापासून आरंभ करू, कारण घार आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे आणि तीच आपले माप व्हावयास हवी. घारीची खूण तिची शेपटी. ती मागे दुभंगलेली, मासोळीच्या शेपटीसारखी असते; आणि घार ती सुकाणूसारखी सतत डावीउजवीकडे पिळत असते. शेपटी पूर्ण पसरली की दुभंग जवळजवळ नाहीसा होतो, पण पिळण्याची सवय काही सुटत नाही. पंख मनगटाशी किंचित मागे वाकलेले असतात. मंडईवर, उकिरड्यावर, रस्त्यावर चिरडलेल्या उंदरावर ती घिरट्या घालते. माणसाच्या वस्तीशी तिचे जुळलेले आहे. आठ-दहा दिवस रोज पाच मिनिटे केवळ घारच पाहावी, असे आमचे नव्या मंडळींना नेहमी सांगणे असते. घार पूर्ण पाठ झाली की ‘हे काही घारीसारखे नाही’ हे मन आपोआप सांगू लागते. आणि ओळखीचा पाया तोच. तिची बहीण ब्राह्मणी घार मात्र पाणथळीला धरून असते. पैठणच्या नाथसागरावर ती दिसते : अंग विटकरी, डोके व छाती पांढरी, आणि शेपटी दुभंगलेली नसून टोकाशी गोलसर.

घार सकाळी लवकर का तरंगत नाही, हेही येथे सांगावयास हवे. आपली काळी जमीन उन्हाने लवकर तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते व खांबासारखी वर चढू लागते. हा ऊन हवेचा खांब सापडला की पक्षी त्यात गोल गोल फिरत, पंख न हलविता, शेकडो फूट उंच जातो. माथ्यावर पोहोचला की तेथून घसरत दुसऱ्या खांबाकडे निघतो. पंखांची फाकलेली बोटे या कामी उपयोगी पडतात; त्यांच्यामधल्या फटींमुळे संथ गतीतही पक्षी हवेत तोलून राहतो. म्हणून गरुड-घारींचे दर्शन घ्यावयाचे तर सकाळी नवाच्या पुढे जावे. पहाटे जाऊन ‘काहीच नव्हते’ म्हणून परतणाऱ्याने पक्ष्यांना दोष देऊ नये. खांब उभे राहण्यापूर्वीच तो घरी परतलेला असतो.

आता डोंगराकडे वळू. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ या बाजूला निघालो की कडे आणि दऱ्या लागतात. असे कडे मोरघारीला आवडतात. नाव घारीचे असले तरी ती खरी गरुडाच्या जातीची. ती बहुधा जोडीने फिरते. खालून पाहिली तर अंग फिकट आणि पंख गडद, असा विरोध दिसतो. खडकाळ माळावर आणखी एक मोठा पक्षी दिसतो, तो सापमार गरुड. खालून तो पांढुरका, डोके व गळा मात्र बऱ्याचदा तपकिरी, जणू मुंडासे बांधलेले. त्याची खरी खूण अशी की एवढे अवजड अंग असूनही तो हवेत एका जागी उभा राहतो; वाऱ्याकडे तोंड करून, पंख जड हलवीत, खाली साप शोधीत असतो. घारीहून मोठा पक्षी हवेत एका जागी थबकलेला दिसला, तर आधी सापमार गरुडाचे नाव मनात आणावे.

हवेत थबकण्याची ही विद्या आपल्या शेतांवर आणखी दोघांना अवगत आहे, आणि नवशिक्यांची गल्लत तेथेच होते. ते दोघे म्हणजे कापशी आणि खरुची. दोघेही साधारण पारव्याच्या मापाचे. कापशी बाराही महिने येथेच असते. तिचे नाव कापसावरून ध्यानात ठेवावे, कारण ती पांढरीशुभ्र व राखी असते, आणि खांद्यावर काळे ठिपके असतात. कापसाच्या, मक्याच्या, हरभऱ्याच्या रानाकडेच्या विजेच्या तारेवर ती बसलेली असते. डोळे लालभडक आणि घुबडासारखे मोठे. ती थबकते तेव्हा पंख मऊपणे हालतात, पाय कधी कधी खाली लोंबकळतात. आणि उंदीर दिसला की पंख पाठीवर उंच उचलून, टप्प्याटप्प्याने, जणू छत्री धरून जिना उतरावा तशी ती खाली येते. हे उतरणे एकदा पाहिले की विसरत नाही. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची घटका ही तिची कामाची वेळ.

खरुची ही ससाण्याच्या घराण्यातली. ती हिवाळी पाहुणी. पावसाळा सरल्यावर येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जाते. रंग विटकरी, पंख टोकदार, शेपटी लांब व टोकाशी काळी पट्टी. ती थबकते तेव्हा पंखांची फडफड जलद असते, शेपटी पंख्यासारखी पसरलेली असते, आणि डोके मात्र खिळा ठोकल्यासारखे स्थिर. वाऱ्याने अंग हेलकावे खाते, पण डोके हलत नाही. कारण डोके हलले तर गवतातला टोळ नजरेतून सुटेल. तात्पर्य, पांढरी, मऊ आणि तारेवर बसणारी ती कापशी. विटकरी, टोकदार पंखांची आणि हिवाळ्यात येणारी ती खरुची. आणि घारीहून मोठा तो सापमार. तिघांची विद्या एक, पण ‘हात’ वेगळा.

थंडीच्या दिवसांत माळावर जाणाऱ्यास सर्वांत मोठे सुख देतात ते भोवत्ये. कझाकस्तान व मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत वीण करून ते पावसाळ्यानंतर आपल्या माळांवर येतात आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परत फिरतात. भोवत्या उंच घिरट्या घालीत नाही. तो माळाच्या वर पुरुषभर उंचीवरून, नांगराच्या तासासारखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, वळतो, पुन्हा येतो. चार-सहा वेळा पंख मारतो, मग ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे वर धरून, किंचित डोलत तरंगतो. त्याचा चेहरा घुबडासारखा बशीदार असतो. त्या बशीमुळे गवतातली खसफस कानांत गोळा होते, आणि भोवत्या डोळ्यांइतकाच कानांनी शिकार करतो. टोळ, नाकतोडे, उंदीर, लहान पक्षी हे त्याचे खाद्य.

भोवत्यांतला नर राखी-पांढरा, पंखांची टोके काळी. पांढुरका भोवत्या असेल तर हे काळे टोक पाचरीसारखे चिंचोळे. माँटेग्यूचा भोवत्या असेल तर टोकाचा काळा भाग मोठा आणि पंखाच्या आडवी आणखी एक काळी रेघ. दोन्ही जातींच्या माद्या मात्र तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेल्या, आणि एकमेकींशी इतक्या सारख्या की मुरलेले निरीक्षकही दूरवरून जात सांगण्याचे टाळतात. अशा वेळी वहीत ‘भोवत्या, मादी’ एवढेच लिहावे आणि स्वस्थ बसावे. न पाहिलेली खूण पाहिली असे लिहिण्यापेक्षा अर्धे उत्तर खरे लिहिणे शतपटीने बरे. तिसरा दलदली भोवत्या अंगाने अधिक भरदार असतो व तो नाथसागराच्या काठच्या पाणगवतावर शोधावा. त्याची मादी गडद तपकिरी व माथा पिवळसर फिकट असतो.

गावात राहूनच ज्यांना आरंभ करावयाचा आहे, त्यांच्यासाठी शिक्रा आहे. हिमायतबागेसारख्या दाट झाडीत, जुन्या वाड्याच्या परसातल्या लिंबावर तो बसलेला असतो. चार वेळा जलद पंख, मग थोडे तरंगणे, पुन्हा चार वेळा पंख : ही त्याची चाल. चिमण्या एकदम गप्प झाल्या, खारी ओरडू लागल्या, सातभाईंनी गिल्ला केला, की वर पाहावे. शिक्रा जवळपास असतो. त्याच्यावरून एक गंमत सांगण्यासारखी आहे. मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ म्हणून हाका मारणारा पावशा रंगाने आणि उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा असतो. झाडावर तो येऊन बसला की लहान पक्षी शिक्रा आला म्हणून घाबरतात. पण चोच पाहावी : शिक्र्याची आकडीसारखी वाकलेली, पावशाची बरीचशी सरळ. आणखी एक मध्यम मापाचा पक्षी उघड्या माळावरच्या खांबावर किंवा वाळक्या बाभळीवर तास न् तास बसून असतो, तो तिसा. पांढरे डोळे आणि पांढऱ्या गळ्यावर उभी काळी रेघ या त्याच्या खुणा. तो आळशी वाटतो. पण त्याचा धंदाच वाट पाहण्याचा आहे.

ससाण्यांविषयी थोडे सांगून ही यादी पुरी करू. बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होतो. जगातल्या कोणत्याही प्राण्याहून अधिक. लग्गड ससाणा कोरड्या माळांचा; तुरुमती त्याहून लहान, डोके विटकरी, आणि जोडीने शिकार करण्यात पटाईत. बहिरी, शाहीन, शिक्रा, लग्गड, तुरुमती ही नावे पाळीव ससाण्यांकडून शिकार करविणाऱ्या दरबारी लोकांच्या बोलण्यात घोळलेली. म्हणजे जे पक्षी हातावर बसवून मिरविण्याजोगे, त्यांना नावे मिळाली आणि टिकली. शेतातला उंदीर मारणाऱ्या कापशीचे किंवा टोळ टिपणाऱ्या भोवत्याचे नाव मात्र शहरात कोणी घेतले नाही. आपल्या विस्मरणाचा इतिहास असा जुना आहे.

आणि येथेच आमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे यावयास हवे. नावे पाठ करून करावयाचे काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर गिधाडांच्या गोष्टीत आहे.

साठी उलटलेल्या कोणाही शेतकऱ्यास विचारा. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाशातून गिधाडे उतरत, आणि दिवस मावळण्यापूर्वी हाडे तेवढी उरत. आज तो देखावा तरुण पिढीने पाहिलेला नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. एवढ्या वेगाने एखादा पक्षी नाहीसा झाल्याची उदाहरणे जगात थोडी. कारण सापडले ते २००४ साली. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध दिले जाई. औषध दिल्यावर लवकरच जनावर मेले तर ते औषध मांसात राही, आणि ते मांस खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०२३ साली त्याच प्रकारच्या केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांवरही बंदी आली. पण तोवर आकाश रिकामे झाले होते.

या गोष्टीतला आमच्या विषयाशी निगडित भाग निराळाच आहे. गिधाडे नाहीशी होत आहेत हे प्रथम कळले कसे? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे संशोधक विभू प्रकाश यांनी राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकात शिकारी पक्ष्यांची मोजदाद केली होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तेथेच पुन्हा मोजले, आणि दोन आकड्यांमधली दरी पाहून धोक्याची घंटा वाजविली. पहिली मोजदाद झालीच नसती, तर दुसऱ्या आकड्याला काही अर्थ राहिला नसता. कोट्यवधी लोकांच्या डोक्यावरून पक्षी नाहीसे झाले. पण ज्याने जात ओळखून, तारीख घालून, आकडा लिहिला होता, त्यालाच ते सिद्ध करता आले. बाकीच्यांनी फार तर ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत बुवा’ एवढेच म्हटले असेल.

घरातल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक असतात, म्हणून रात्री जेवायला एक पान रिकामे राहिले की लगेच कळते. ज्यांची नावेच ठाऊक नाहीत त्यांची गैरहजेरी कशी कळणार? सगळ्यांना ‘घार’ म्हणणाऱ्या माणसाच्या लेखी आकाश नेहमी भरलेलेच असते. कारण घार माणसाच्या वस्तीत, उकिरड्यावर सुखाने वाढते. तिच्या आड बाकीचे एकेक निघून गेले तरी त्याला पत्ता लागत नाही. शिकारी पक्ष्यांची ओळख म्हणजे शिवाराची हजेरी आहे, ती या अर्थाने.

आणि ही हजेरी आज घेण्याची निकड आहे. कापशी, खरुची आणि भोवत्या हे शेतकऱ्याचे बिनपगारी राखणदार. पण उंदरांसाठी टाकलेल्या काही विषांनी उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठण्याची शक्ती गमावून तो चार-सहा दिवस सुस्तपणे हिंडत राहतो, आणि असा सुस्त उंदीर पक्ष्यास सर्वांत सोपा. विष त्याच्याबरोबर पक्ष्याच्या पोटात जाते. राखणदाराला आपणच विष घालावे, असा हा व्यवहार आहे. दुसरी गोष्ट माळांची. सरकारी दप्तरात माळाला ‘पडीक’ म्हणण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे कारखाना, रस्ता, प्लॉट यांसाठी पहिली नजर माळावर जाते. आमच्या शहराची वाढ वाळूज, शेंद्रा, बिडकीन अशा दिशांनी होत आहे. वाढ थांबवा असे आम्ही म्हणत नाही. पण पडीक म्हणजे रिकामे नव्हे, एवढे तरी ध्यानात असावे. भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. दिवसभर शिकार करून ते संध्याकाळी उंच गवताच्या माळावर जमतात आणि जमिनीवरच, गवतात, समूहाने रात्र काढतात. गुजरातेतील वेळावदरचा गवताळ माळ अशा मुक्कामासाठी जगप्रसिद्ध आहे. वनमहोत्सवाच्या उत्साहात आपण गवताळ माळावर खड्डे खणून रोपे लावतो आणि पुण्य केल्याचे समाधान मानतो. पण भोवत्याच्या दृष्टीने ते अंथरूण काढून घेणे आहे. झाडे लावावीत, जरूर लावावीत. फक्त जेथे पूर्वी झाडे होती तेथे लावावीत. हा विवेक येण्यासाठीसुद्धा आधी भोवत्या माहीत हवा.

या कामाला आपल्याकडे आधार नाही असेही नाही. डॉ. सलीम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा आपला जिल्हा त्याच संस्थानात होता. त्यांचे नाव आज आपल्या शहरातल्या एका तळ्याला आहे. १९४१ साली निघालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने हजारो सामान्य माणसांना पक्षी ओळखावयास शिकविले. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी ‘पक्षिकोश’ रचून नावांचा मोठा ठेवा गोळा केला. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. उणीव आहे ती आपल्यासारख्या सामान्यांनी रोज डोके वर करण्याची.

आरंभ कसा करावा ते सांगून लेख आवरता घेतो. दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी अडत नाही, कारण चाल उघड्या डोळ्यांनी दिसते. एक लहान वही घ्यावी. पक्षी दिसला की चार प्रश्न, याच क्रमाने : पंखांचा साचा कोणता? शेपटी दुभंगलेली, गोल, लांब की आखूड? चाल कशी, तरंगतो, थबकतो, की जमिनीलगत फिरतो? आणि शेवटी, जागा व महिना कोणता? रंग पाचवा, तो दिसला तर लिहावा. मान लांब पुढे काढलेली आणि पाय मागे लोंबणारे असतील तर तो शिकारी पक्षी नव्हेच; तो करकोचा असेल. मान ‘एस’ आकारात मुडपलेली असेल तर बगळा. तारीख, वेळ आणि गावाचे नाव घालण्यास चुकू नये. ‘काही दिसले नाही’ हेही लिहावे. पुढे हेच वाक्य सर्वांत मोलाचे ठरते.

व्याख्यानमालेच्या या वैशाखी दिवसांत हिवाळी पाहुणे परतलेले असतात. तेव्हा घार, कापशी, शिक्रा आणि तिसा या घरच्या चौघांपासून सुरुवात करावी. त्यांची चाल पावसाळ्यापूर्वी पाठ झाली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास एखाद्या सकाळी पैठणच्या किंवा दौलताबादच्या रस्त्यालगत माळाच्या कडेला उभे राहावे. गवतावरून डोलत जाणारा राखी नर दिसला तर तारीख लिहावी. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच आठवड्यात पुन्हा जावे. आणि कधी काळी रुंद, लांब पंखांचा, आखूड शेपटीचा, पंख न हलविता उंच तरंगणारा प्रचंड पक्षी डोक्यावरून गेला, तर त्याला घाईने ‘घार’ म्हणून सोडून देऊ नये. जागा व वेळ टिपून वनखात्याला कळवावे. ती नोंद आपल्या जिल्ह्याच्या वहीत फार मोठ्या अक्षरांनी लिहिण्यासारखी असेल.